क्लेडनचे व्हर्नी: सर राल्फ, मेरी आणि एका बॅरोनेट घराण्याची वंशावळ

रानजाई:

इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या यादवीवर इथे आधी चर्चा झालीय पण ती सगळी क्रॉमवेल आणि चार्ल्स राजाचा शिरच्छेद याभोवतीच फिरली. मला आज एका घराबद्दल लिहायचंय. बकिंगहॅमशर परगण्यातलं क्लेडन हे गाव आणि तिथले व्हर्नी. सर राल्फ व्हर्नी, जन्म १६१३, मृत्यू १६९६, १६६१ मध्ये बॅरोनेट झाले, क्लेडनच्या गादीचे पहिले. वंशावळीच्या कुठल्याही पुस्तकात एवढ्या दोन ओळी मिळतात आणि पुढे "विवाह: मेरी ब्लॅकनॉल" इतकंच. माझं म्हणणं असं की ही इस्टेट टिकली, आणि पुढे किताब ज्याच्याकडे गेला तो मुलगा हातापायाने धड राहिला, ते बरंचसं या मेरीमुळे, आणि वंशावळीत तिच्या वाट्याला फक्त नाव आलंय.

मेरीचे आईवडील ॲबिंग्डनचे, पैसेवाले. १६२५ च्या प्लेगात दोघेही एकाच दिवशी गेले आणि ही नऊ वर्षांची पोर मोठ्या इस्टेटीची एकटी वारस उरली. तेव्हा अशा पोरक्या वारसांचं पालकत्व राजाकडे जायचं आणि त्यासाठीच्या खास कोर्टातून ते चक्क विकलं जायचं, म्हणजे जो विकत घेईल तो मुलीचं लग्न ठरवणार. १६२९ ला तिचं लग्न राल्फशी लागलं, ती तेरा वर्षांची, तो पंधरा. व्यवहार म्हणून जुळवलेलं लग्न, पण त्यांची पत्रं वाचली की लक्षात येतं की या दोघांचं किती छान जमलं होतं.

मग १६४२. राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. राल्फचे वडील सर एडमंड राजाचे निशाणबरदार. राजाची बाजू त्यांना मनातून पटत नव्हती, राजाने पार्लमेंटचं ऐकावं असंच त्यांना वाटायचं, पण जवळपास तीस वर्षं ज्याचं अन्न खाल्लं त्याला आता सोडून जाणं हलकटपणा होईल असं त्यांनी राजाच्या बाजूच्या एडवर्ड हाइडला स्पष्ट सांगितलं होतं. राल्फ मात्र खासदार आणि पार्लमेंटच्या बाजूला. धाकट्या भावाने, त्याचंही नाव एडमंड, राल्फला पत्र लिहिलं की वडील आणि मी तुझ्यावर इतकं प्रेम करतो आणि आता आम्हालाच तुझं शत्रू व्हावं लागणार याने जीव तुटतो. २३ ऑक्टोबरला एजहिलची लढाई झाली, सर एडमंड निशाणासकट पडले. घराण्यात सांगतात ती गोष्ट अशी की निशाणाच्या काठीला घट्ट धरलेला तुटलेला हात तेवढा सापडला, बोटात राजाने दिलेली अंगठी होती त्यावरून ओळख पटली. गोष्ट खरी की रचलेली ते सोडा, पण प्रेत मिळालं नाही हे नक्की, राल्फने स्वतःच तसं लिहून ठेवलंय.

वर्षभरात पार्लमेंटने सगळ्या खासदारांना स्कॉटलंडबरोबरच्या धर्मकराराची शपथ घ्यायला लावली. राल्फ इंग्लंडच्या चर्चचा माणूस, त्याने सही नाकारली. म्हणजे राजाकडे जायचं नाही आणि इकडे राहायची सोय नाही. १६४३ च्या शेवटाला तो मेरीला आणि दोन मुलांना, थोरल्या एडमंडला आणि पेगला, घेऊन फ्रान्सला निघून गेला आणि ब्लुआ गावात राहिला. धाकटा जॅक, तीन वर्षांचा, आत्यांजवळ क्लेडनला ठेवला. १६४५ मध्ये खासदारकी गेली, पुढच्या वर्षी इस्टेट जप्त.

आता खरी गोष्ट सुरू होते. राल्फ परत आला तर अटक होणार, म्हणून १६४६ च्या हिवाळ्यात मेरी एकटी लंडनला आली, पोटात बाळ. तिथे भाड्याच्या खोल्या, कमिट्यांच्या चकरा, ज्यांच्या ओळखी होत्या त्या बायकांच्या दारात तासन्‌तास बसणं, आणि दर आठवड्याला नवऱ्याला पत्र. जून १६४७ मध्ये मुलगा झाला. राल्फने कळवलं होतं की रिचर्ड ठेव, तिने हट्टाने नवऱ्याचंच नाव ठेवलं. मग ती क्लेडनला गेली. भिंतीआड लपवून ठेवलेल्या पिसांच्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या, चादरी-टेबलक्लॉथ पार विरलेले, चुलीची लोखंडी हत्यारं गंजून गेलेली, हे सगळं ती एकेक करून नवऱ्याला लिहिते. आणि जॅक! सात वर्षांचा झाला होता आणि पाय इतके वाकडे की असे पाय मी कुठल्याच पोराचे पाहिले नाहीत असं ती लिहिते. आत्यांच्या हातात पैसा नाही, लक्ष नाही, मुडदूस झालेला. त्याला तिने बरोबर फ्रान्सला न्यायचं ठरवलं.

त्याच शरद ऋतूत दोन बातम्या. इथे तान्हा राल्फ आकडी येऊन गेला आणि तिकडे ब्लुआला आठेक वर्षांची पेग गेली. दोन्ही मुलं काही दिवसांच्या अंतराने, आणि नवरा-बायको समुद्राच्या दोन बाजूंना. राल्फने पेगचं तिला थेट कळवलंच नाही, आपल्या डॉक्टर मामांना लिहिलं की हे तिला कसं आणि कधी सांगायचं ते बघा. आणि एवढं होऊनही बाईने काम सोडलं नाही. जानेवारी १६४८ मध्ये जप्ती उठली. जॅकला घेऊन ती फ्रान्सला गेली आणि दोन वर्षांत, मे १६५० ला, क्षयाने गेली. चौतीस वर्षांची. राल्फने देह मसाले भरून जपला आणि क्लेडनला पाठवून पुरायची व्यवस्था केली. नंतर तो शेहेचाळीस वर्षं जगला, दुसरं लग्न केलं नाही.

पारंबी:

एका दमात वाचून काढलं. मेरी आणि पेगचं वाचून गलबलून आलं. एक शंका, बॅरोनेट म्हणजे लॉर्ड का? आणि मग राल्फ खासदार कसा काय राहू शकला?

रानजाई:

नाही, लॉर्ड नाही. नाइटच्या वर आणि बॅरनच्या खाली. नाइटचा "सर" त्याच्याबरोबर संपतो, बॅरोनेटचा थोरल्या मुलाकडे वारशाने जातो. पण तो उमराव धरत नाहीत म्हणून लॉर्डांच्या सभागृहात बसत नाही आणि खासदारकी लढवू शकतो. राल्फ बॅरोनेट झाल्यानंतरही १६८० च्या दशकात बकिंगहॅममधून निवडून आला होता. मूळ १६११ चं, पहिल्या जेम्सने सुरू केलं, आयर्लंडमध्ये अल्स्टरला फौज ठेवायला पैसे हवे होते. तीस शिपाई, तीन वर्षं, रोज आठ पेन्स हा हिशोब केला की १०९५ पौंड होतात, तेवढे भरा आणि किताब घ्या. अर्थात १६६१ ला दुसऱ्या चार्ल्सने जे वाटले ते जास्त करून यादवीत ज्यांनी सोसलं त्यांना खूश करण्यासाठी.

दर्यावर्दी:

व्हर्नी म्हटल्यावर मला एकच आठवतो तो चाच्या! सर एडमंडचा सावत्र भाऊ सर फ्रान्सिस. याची आठवण कुणी काढत नाही. बापाने नंतरच्या बायकोच्या मुलासाठी, म्हणजे एडमंडसाठी, मालमत्तेची वाटणी केली, फ्रान्सिसने सज्ञान झाल्यावर ती पार्लमेंटमध्ये जाऊन मोडायचा प्रयत्न केला आणि हरला. मग जे हातात होतं ते विकून टाकलं, बायकोला सोडलं, आणि १६०८ ला देश सोडून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. अल्जियर्सच्या चाच्यांमध्ये सामील, इंग्रज जहाजंसुद्धा लुटली, मुसलमान झाला म्हणतात. १६१५ मध्ये सिसिली बेटावरच्या मेस्सिनाच्या धर्मादाय इस्पितळात कंगाल अवस्थेत मेला. एका इंग्रज व्यापाऱ्याने त्याचे सामान घरी पाठवलं, त्यात फेटा, रेशमी झगे, चपला, यात्रेकरूची काठी. ते क्लेडनला जपून ठेवलं गेलं. ज्या घराशी भांडून गेला त्याच घरात.

रानजाई:

वा, बरं झालं हे आणलंत. आणि या भांडणातून जी वाटणी टिकली तिच्यामुळेच क्लेडन एडमंडकडे आणि मग राल्फकडे आलं, म्हणजे वंशावळीच्या दृष्टीने फ्रान्सिसचं प्रकरण महत्त्वाचंच आहे.

मोडीलिपी:

लेख आवडला पण मुख्य मुद्द्याशी थोडा असहमत. जप्ती मेरीने उठवली हे खरं, पण एकटीने नाही. राल्फचे मामा डॉक्टर विल्यम डेंटन सतत तिच्याबरोबर होते, त्यांची लंडनच्या मोठ्या लोकांत ऊठबस, कुठल्या कमिटीत कोण बसतो आणि कधी अर्ज टाकायचा हे त्यांना कळायचं. अर्ल ऑफ वॉरविकची बायको, जी आधी लेडी ससेक्स होती, तिचं वजन वापरायचा प्रयत्न झाला. मुळात राल्फविरुद्ध केसच कच्ची होती, तो राजाच्या बाजूने कधी लढलाच नव्हता, फक्त गैरहजर होता. योग्य वेळी पार्लमेंटमधले मित्र हजर होते म्हणून मत पडलं. शिवाय पुढच्या पन्नास वर्षांत कर्ज फेडून इस्टेट उभी केली ती राल्फने. घर परत मिळवणं आणि घर चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रानजाई:

डॉक्टर डेंटन होते, मान्य, आणि फार भला माणूस, त्याची पत्रं वाचताना माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. पण लेडी वॉरविकने काय केलं? जुनी घरोब्याची मैत्रीण, सर एडमंडशी किती जवळची, आणि मेरी दारात गेली तर थंडा प्रतिसाद. तीन-चार म्हाताऱ्यांशी लग्न केलेली बाई म्हणून राल्फ आपल्या पत्रात तिला "म्हाताऱ्यांची बायको" असंच म्हणायचा. केस कच्ची होती म्हणता, पण अशा कच्च्या केसमध्येही कितीतरी लोकांच्या इस्टेटी वर्षानुवर्षं अडकून पडल्या होत्या कारण पाठपुरावा करायला माणूस नव्हतं. योग्य दिवशी योग्य माणसं सभागृहात बसलेली असावीत म्हणून आधी महिनोन्‌महिने कुणीतरी उंबरे झिजवलेत, आणि ते बाळंतपणात, बाळ गेल्यावर, पेग गेल्याचं कळल्यावर. राल्फने इस्टेट चालवली हे शंभर टक्के खरं. पण जे परत आलं तेच तो चालवू शकला ना.

सांजवात:

राल्फचं फार कौतुक चाललंय म्हणून लिहिते. त्याच्या सहा बहिणींचं काय? वडील गेले, आई त्याच्या आधीच १६४१ मध्ये गेलेली, थोरला भाऊ परदेशात, आणि या पोरी क्लेडनच्या ओसाड घरात, बाहेरून दोन्ही फौजा येता-जाता. हाकेच्या अंतरावर आईचं माहेर हिल्सडन, ते १६४४ च्या मार्चमध्ये पार्लमेंटच्या लोकांनी जाळलं. त्यांच्या लग्नांची यादी बघा. पेनेलोपीचा नवरा जॉन डेंटन, दारू पिऊन मारहाण करणारा. पेगी एल्म्सकडे दिली, जमलं नाही आणि वेगळे राहिले. सुझनचा नवरा कर्जापायी तुरुंगात. केरीचा पहिला नवरा १६४५ ला लढाईत गेला तेव्हा ती गरोदर, सासरच्यांनी मुलगी झाली म्हणून तोंडं फिरवली. बेटीने गरीब पाद्र्याशी परस्पर लग्न लावलं. हुंड्याचे पैसे भावाने वेळेवर दिले असते तर चांगल्या घरी गेल्या असत्या.

रानजाई:

सांजवात, यादी बरोबर आहे आणि ती वाचवत नाही. पण हुंड्याचं थोडं बारकाईने बघायला हवं. सर एडमंडने मुलींच्या वाट्याची तरतूद जमिनीवर केली नव्हती, कापडावर मोजमापाचा शिक्का मारण्याचा जो सरकारी कर होता त्याच्या उत्पन्नावर केली होती. युद्ध सुरू झाल्यावर ते उत्पन्न आटलं. म्हणजे कागदावर प्रत्येकीच्या नावाने रक्कम आहे आणि प्रत्यक्षात छदामही येत नाही. जमिनीवर बोजा असता तर राल्फला द्यावेच लागले असते. तरी तुमचा मूळ मुद्दा उरतोच, राल्फ पत्रातून फार उपदेश करायचा आणि बहिणींना पैशांपेक्षा सल्ला जास्त मिळायचा. आणि टॉम भावाला मात्र वारंवार मिळायचे. टॉम म्हणजे राल्फच्या पाठचा, व्हर्जिनियाला पाठवला परत आला, बार्बाडोसला पाठवला परत आला, आयुष्यभर उधारी आणि भावाला लांबलचक रडगाण्याची पत्रं, आणि सगळ्यांपेक्षा जास्त जगला, १७०७ पर्यंत. एडमंड, तो "जीव तुटतो" लिहिणारा, तो १६४९ मध्ये आयर्लंडमधल्या द्रोहेडाला, क्रॉमवेलच्या फौजेने ते शहर घेतलं तेव्हा, मारला गेला, शहर पडताना नाही, जीवदान मिळाल्यानंतर, काही दिवसांनी, बाजूला बोलावून. या भावंडांत सगळ्यात गुणी तोच होता असं माझं मत.

फलटणकर:

छान धागा. वॉरविकशरमध्ये कॉम्प्टन व्हर्नी म्हणून मोठा वाडा आहे तो यांचाच का? आणि आत्ता कुणी वंशज आहेत का, किताब अजून चालू आहे का?

मोडीलिपी:

कॉम्प्टन व्हर्नी वेगळे. ते विलोबी द ब्रूक बॅरन घराण्याचे व्हर्नी. आडनाव एक, घराणी दोन, वंशावळीच्या साइटवर लोक बिनधास्त जोडून टाकतात त्यामुळे घोळ होतो. क्लेडनचं पुढचं रानजाईंनीच लिहावं.

रानजाई:

लिहिते, जरा लांबेल.

राल्फ १६५३ ला परतला. १६५५ मध्ये क्रॉमवेलच्या राज्यात संशयावरून काही महिने कैदेत, वर राजनिष्ठ म्हणून उत्पन्नाचा दहावा हिस्सा दंडाचा कर. पार्लमेंटवाल्यांनी राजाचा माणूस म्हणून छळलं आणि राजाच्या लोकांनी पार्लमेंटचा म्हणून कधी पूर्ण जवळ केलं नाही, असा हा माणूस. १६६१ ला बॅरोनेट.

थोरला मुलगा एडमंड, घरात त्याला लाडाने "मन" म्हणायचे. त्याचं १६६२ मध्ये शेजारच्या ईस्ट क्लेडनच्या वारस मुलीशी, मेरी एबलशी, लग्न झालं. जमिनीला जमीन लागून, व्यवहार उत्तम. वर्षभरातच ती वेडी झाली. एडमंडने तिला घरातच ठेवलं, डॉक्टर केले, सगळं केलं. तो १६८८ ला बापाच्या आधी गेला, त्याचे दोन्ही मुलगे तरुणपणीच गेले.

आणि म्हणून गादी आली जॅककडे. होय तोच, वाकड्या पायांचा. तो बरा होऊन मोठा झाला, धाकटा म्हणून जमीन मिळणार नव्हती तेव्हा त्याने स्वतःच व्यापारात जायचं ठरवलं, लंडनच्या एका लेव्हांट व्यापाऱ्याकडे (भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या देशांशी व्यापार करणाऱ्याकडे) उमेदवारी केली आणि १६६२ मध्ये सिरियातल्या अलेप्पोला गेला. तिथे बारा वर्षं. इंग्लंडचं कापड तिकडे, रेशीम इकडे. परत आला ते १६७४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. १६९६ ला वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी सर जॉन, दुसरे बॅरोनेट, आणि १७०३ मध्ये आयर्लंडच्या यादीत व्हायकाउंट फर्मॅना. सरदाराच्या घरात शहरी व्यापारी गादीवर बसला आणि त्याचा हिशोबीपणा घराच्या कामी आला. मेरीने १६४८ ला त्याला तिकडे नेलं नसतं तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, पण मला ते सारखं वाटत राहतं.

जॉनचा मुलगा १७४३ मध्ये अर्ल झाला, त्याचा मुलगा दुसरा अर्ल व्हर्नी. यानेच पुढे प्रसिद्ध झालेला राजकारणी एडमंड बर्क याला १७६५ मध्ये वेंडोव्हरमधून खासदार केलं, आणि यानेच बर्क मंडळींबरोबर ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअर्समध्ये सट्टा केला. १७६९ ला हैदरअलीने कर्नाटिक प्रांतात (म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या भागात) मुसंडी मारल्याच्या बातम्या लंडनला पोचल्या, शेअर गडगडला आणि याचं कंबरडं मोडलं. त्यात क्लेडनचा वाडा नव्याने बांधायचं वेड, लाकडावरचं अफाट कोरीवकाम, एक अख्खी चिनी पद्धतीची खोली. शेवटी सामानाचा लिलाव. १७९१ मध्ये निपुत्रिक गेला आणि १६६१ चा बॅरोनेट किताब तिथे संपला.

वाडा पुतणीकडे, तिचं नावही मेरी. तिने वाड्याचा मोठा भाग पाडून टाकला, परवडतच नव्हता. ती १८१० ला गेली, अविवाहित, आणि सगळं सावत्र बहिणीला दिलं. बहीण आईकडून, वडील वेगळे, म्हणजे व्हर्नींची नव्हेच. त्या बहिणीने १८२७ मध्ये ते आपल्या कॅल्व्हर्ट घराण्यातल्या चुलतभावाला दिलं. तो सर हॅरी कॅल्व्हर्ट, त्याने आडनाव बदलून व्हर्नी केलं. त्याचा बॅरोनेट किताब १८१८ चा, त्याच्या वडिलांना मिळालेला. तेव्हा फलटणकर, आजचे व्हर्नी बॅरोनेट आहेत ते या दुसऱ्या किताबाचे.

पारंबी:

म्हणजे रक्ताचं नातं काहीच नाही? मग या घराण्याचं टिकलं काय?

रानजाई:

कागद टिकले! राल्फला सवय होती, आलेलं प्रत्येक पत्र तारीख टाकून ठेवायचं आणि स्वतःच्या पत्राची नक्कल ठेवायची. मुलांनी तेच चालवलं. सतराव्या शतकातलीच तीस हजारांवर पत्रं. वाड्याच्या अगदी वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशीच्या लांब खोलीत पेट्याच्या पेट्या. सर हॅरीने १८५८ मध्ये पार्थेनोपी नाइटिंगेलशी लग्न केलं, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलची सख्खी बहीण. तिने ही पत्रं लावायला घेतली, संधिवाताने हात चालत नव्हते तरी. ती १८९० ला गेली, काम सुनेने, मार्गारेट व्हर्नीने, पूर्ण केलं आणि १८९२ ते १८९९ मध्ये चार खंड निघाले. रक्ताचं नातं नसलेल्या दोन सुनांनी ते केलं. आपल्याला मेरी दिसते ती त्यांच्यामुळे.

मोडीलिपी:

आणि फ्लॉरेन्सबाई उतारवयात क्लेडनला येऊन राहायच्या, त्यांची खोली आजही दाखवतात. आपल्याकडच्या लोकांना सांगायचं तर त्या काळात त्यांचं बरंचसं लक्ष हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवर होतं, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

सांजवात:

सुनांचं वाचून बरं वाटलं. बहिणींची रागावलेली पत्रंसुद्धा राल्फने फाडली नाहीत, जपून ठेवली, याचं श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नाही.

फलटणकर:

क्लेडन बघता येतं का?

रानजाई:

हो, १९५६ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गेलात तर वाड्याला लागूनच चर्च आहे तिथे नक्की जा. राल्फने परत आल्याआल्या संगमरवरी स्मारक करून घेतलं, चार अर्धपुतळे, आई, वडील, मेरी आणि स्वतः.

पारंबी:

राल्फ खासदार असताना पार्लमेंटमधल्या नोंदी करायचा असं कुठेतरी वाचलेलं, त्या मिळतात का?

मोडीलिपी:

मिळतात. १६४० ला भरलेल्या लाँग पार्लमेंटच्या पहिल्या दोन वर्षांच्या आहेत, घडी घातलेल्या कागदांवर पेन्सिलीने, भाषण चालू असताना तिथल्या तिथे लिहिलेल्या. कॅम्डन सोसायटीने १८४५ मध्ये छापल्या, स्कॅन शोधलं की सापडेल. अर्धी वाक्यं सुटलेली आहेत, सावकाश वाचा. राजाचा मंत्री स्ट्रॅफर्ड याच्यावरच्या खटल्याच्या दिवसांपासून सुरुवात केलीत तर लवकर लय लागेल.